कापडाचा रिपोर्ट आणि प्रयोगशाळेची सनद

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या भागातील आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या कानावर अलीकडे एक शब्द वारंवार पडतो. एनएबीएल. गणवेशाच्या कापडाची निविदा भरा, वसतिगृहाच्या चादरींचा भाव द्या, परदेशी माल पाठवणाऱ्या मोठ्या पार्टीला नमुना दाखवा, कुठेतरी बारीक अक्षरांत अट असतेच की ‘एनएबीएल मानांकित प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा’. आपण ती ओळ वाचतो, ‘बरं, एक रिपोर्ट काढून घेऊ’ म्हणतो आणि पुढे जातो. आम्हीही तसेच केले होते. त्याची किंमत मोजली, म्हणून हा लेख.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही एका निवासी संस्थेला गणवेशाचे कापड पुरवण्याचा सौदा घेतला. माल टेरिकॉट, गडद निळा, ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत. रंग धुण्याला पक्का पाहिजे, ग्रेड ४ पेक्षा कमी चालणार नाही, अशी अट होती. ज्या प्रोसेस हाऊसचा माल घेतला त्यांच्याशी आमचा जुना व्यवहार, त्यामुळे धास्ती नव्हती. अहवाल हवा म्हणून जवळच्या शहरातील एका प्रयोगशाळेत मीटरभर कापड नेऊन दिले. दारावर पाटी मोठी, पाटीवर ती चार अक्षरेही होती. आठ दिवसांत रिपोर्ट आला. सगळ्या रकान्यांत ‘पास’. माल पोचला, बिल लागले आणि तिथेच अडकले.

संस्थेच्या साहेबांनी आम्हाला समोर बसवून विचारले, “सेठ, या कागदावर एनएबीएलचे चिन्ह कुठे आहे?” आम्ही कागद उलटापालटा केला. चिन्ह नव्हते. साहेबांनी संगणकावर त्या प्रयोगशाळेचे नाव काढून दाखवले. मानांकन खरे होते, पण ते सिमेंट, लोखंडी सळई आणि पाणी यांच्या तपासणीसाठी होते. कापडाचा त्यात उल्लेखच नव्हता. म्हणजे पाटी खोटी नव्हती, आणि आमच्या कामाचीही नव्हती.

मग नमुना मुंबईला पाठवला. मिश्रण बरोबर निघाले, वजन बरोबर निघाले, पण धुलाईचा रंग ३-४ आला. पहिल्या कागदावर तोच ४ होता. बकरी ईद तोंडावर, प्रोसेस हाऊसचा तगादा, शिलाई करणाऱ्या बायांची मजुरी द्यायची, आणि आमचे पैसे चार महिने वर टांगलेले. शेवटी भावात कपात मान्य करून बिल सोडवून घेतले. रागाच्या भरात पहिल्या प्रयोगशाळेला बरेच बोललो, पण खरे सांगायचे तर चूक आमची होती. ‘तुमच्याकडे मानांकन आहे का?’ एवढेच आम्ही विचारले होते. ‘या कापडाच्या या चाचणीसाठी आहे का?’ हे विचारलेच नव्हते.

आता मानांकन म्हणजे नेमके काय ते पाहू. एनएबीएल म्हणजे नॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड फॉर टेस्टिंग अँड कॅलिब्रेशन लॅबोरेटरीज. कार्यालय गुरुग्रामला. पूर्वी हे मंडळ केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या छत्राखाली होते, आता ते क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे घटक मंडळ आहे. हे मंडळ स्वतः कापड तपासत नाही, सिमेंट तपासत नाही. ते तपासणाऱ्यांना तपासते. कसोटी आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाची. हे मानक १९९९ साली प्रथम निघाले, २००५ मध्ये बदलले आणि सध्या २०१७ ची आवृत्ती चालते. त्याआधी ‘गाइड २५’ नावाची मार्गदर्शिका होती.

इथे एक गल्लत दूर केली पाहिजे. बाजारात ‘आयएसओ ९००१’ चे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली दुकाने आणि कारखाने पुष्कळ दिसतात. त्याचा अर्थ इतकाच की कारभार शिस्तीत चालतो, कागदपत्रे ठेवली जातात, तक्रारींची दखल घेतली जाते. १७०२५ एक पाऊल पुढे जाऊन विचारते: जे काम तुम्ही करता ते तुम्हाला येते का, आणि ते दाखवून देता का? शिंप्याचे दुकान टापटीप आहे ही एक गोष्ट, त्याला शेरवानी कापता येते ही दुसरी. दुसरी गोष्ट समोर बसून कापून घेतल्याशिवाय कळत नाही.

आमचा भाचा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला आहे. त्याने हा सगळा प्रकार पाहिला आणि एक दिवस म्हणाला, “मामू, मग आपल्या वाशिमातच लॅब टाकली तर?” कल्पना वाईट नाही. कपाशी, सोयाबीन, तेल, पाणी, कापड, तपासायला या जिल्ह्यात पुष्कळ आहे. पण मानांकन मिळवायचे कसे हे त्यालाही ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. नंतर त्याने नियम वाचले, आम्ही ओळखीच्या प्रयोगशाळांत जाऊन बसलो, आणि जे कळले ते इथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, प्रयोगशाळेला कायद्याने अस्तित्व पाहिजे. मालकी हक्काची असो, भागीदारी, कंपनी किंवा ट्रस्ट असो, जबाबदार कोण हे कागदावर स्पष्ट हवे. दुसरी गोष्ट निःपक्षपातीपणाची, आणि ती व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावी. आम्हीच कापड विकणार आणि भाच्याच्या प्रयोगशाळेत आम्हीच पैसा घालणार, तर आमच्या कापडाचा रिपोर्ट कोण मानणार? मानक अशी मालकी सरसकट नाकारत नाही. कारखान्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेलाही मानांकन मिळते. मात्र धोका कुठे आहे तो ओळखून, निकालावर मालकाचा दाब येणार नाही अशी व्यवस्था करून दाखवावी लागते. ग्राहकाच्या मालाची माहिती बाहेर फुटणार नाही याचीही हमी द्यावी लागते. एका पार्टीच्या कापडाचे मिश्रण दुसऱ्या पार्टीला चहा पिता पिता सांगितले, तर तो मोठा दोष धरला जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘स्कोप’, कामाचा आवाका, आणि सगळ्याचे मर्म यातच आहे. मानांकन सबंध प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. अर्जातच ओळीओळीने लिहावे लागते की कोणत्या वस्तूची, कोणत्या गुणाची, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या मर्यादेत तपासणी करणार. ‘कापड, धुलाईने रंग उतरणे, अमुक पद्धत’ ही एक ओळ. ‘कापड, घासण्याने रंग लागणे’ ही दुसरी. ‘सुती व पॉलिएस्टर मिश्रणाचे प्रमाण’ ही तिसरी. जितक्या ओळींची तपासणी होऊन मंजुरी मिळेल तितक्याच ओळींवर चिन्ह वापरता येते. आवाक्याबाहेरची चाचणी करायला बंदी नाही, पण ती मानांकनात येत नाही हे लपवता येत नाही. आमच्या पहिल्या कागदावर चिन्ह नव्हते ते याचमुळे. कागद खरेच बोलत होता, आम्हालाच वाचता आला नाही.

आता या चाचण्या कशा होतात तेही थोडे सांगतो, कारण त्यावरून मानांकनाचा खर्च आणि कष्ट कळतात. मिश्रण ओळखायची आपली दुकानातली रीत सर्वांना माहीत आहे. धागा काढायचा, काडी लावायची. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख आली तर सूत, काळी कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. ही रीत ‘आहे की नाही’ सांगते, ‘किती आहे’ सांगत नाही. प्रयोगशाळेत कापड आधी सुकवून तोलतात, मग ७५ टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात टाकतात. सूत विरघळते, पॉलिएस्टर शाबूत राहते. ते धुऊन, सुकवून पुन्हा तोलतात आणि हिशेब मांडतात. आता पाहा, यात तराजू लागला, सुकवण्याची भट्टी लागली, आम्लाची तीव्रता अचूक लागली, तापमान लागले. यातले एकही चुकले तर ६७ चे ७० दिसतील.

रंगाच्या धुलाईत कापडाच्या तुकड्याला पांढरे कापड शिवतात, साबणाच्या पाण्यात पोलादी गोळ्यांसह ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ फिरवतात आणि मग ‘ग्रे स्केल’ नावाच्या राखाडी पट्टीशी ताडून पाहतात. ५ म्हणजे काहीच फरक नाही, १ म्हणजे रंग गेलाच. मध्ये अर्ध्या पायऱ्याही असतात, आमचा ३-४ त्यातलाच. ही पाहणी माणसाच्या डोळ्यांनी होते. म्हणून उजेड ठरावीक दिव्याचा लागतो आणि पाहणाऱ्याच्या नजरेत रंगांधळेपणा नाही याची खात्री करून घ्यावी लागते. खिडकीशी उभे राहून ‘ठीक आहे’ म्हणणे चालत नाही.

हवेचेही तसेच. आपल्याकडील मानकात कापड तपासण्याची हवा साधारण २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता अशी ठरलेली आहे. कपाशीचे सूत हवेतले पाणी ओढते. पूर्ण कोरड्या शंभर किलो कापसावर साडेआठ किलो ओलावा व्यापारात धरला जातो, पॉलिएस्टरमध्ये तो अर्धा किलोसुद्धा नसतो. मे महिन्यात वाशिमच्या कोरड्या उन्हात तोललेले सुती थान आणि ऑगस्टच्या पावसात तोललेले तेच थान सारखे भरत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. प्रयोगशाळेला हा फरक ठेवून चालत नाही. म्हणून बंद खोली, थंडाई, आर्द्रतेचे यंत्र आणि दिवसरात्र त्याची नोंद. भाच्याने विजेच्या बिलाचा अंदाज काढला तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

यानंतर येते कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाची अंशशोधन तपासणी. इथेही गैरसमज फार. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. तराजू १०० ग्रॅमला १००.०३ दाखवतो की ९९.९६, आणि हे सांगण्यातही किती कमीजास्त होऊ शकते, एवढे ते कागदावर मांडते. त्या चुकीसह तो तराजू तुमच्या कामाला चालेल की नाही हे तुम्ही ठरवायचे. आपल्या दुकानातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा जो शिक्का बसतो ती बाब निराळी. तो २००९ च्या वैधमापन कायद्याचा बंधनकारक शिक्का आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दर वर्षी, कापड मोजायच्या मीटरपट्टीला दर दोन वर्षांनी लागतो. कॅलिब्रेशनचे कितीही भारी प्रमाणपत्र असले तरी शिक्क्याची जागा ते घेत नाही, आणि शिक्का आहे म्हणून प्रयोगशाळेला कॅलिब्रेशन टळत नाही. सोन्याचे हॉलमार्किंग हाही तिसराच प्रकार. ते भारतीय मानक ब्युरोचे काम आहे आणि १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. सराफ बंधूंनी या तिन्हींची सरमिसळ करू नये.

कॅलिब्रेशनचा मागोवा कसा लागतो, हे भाच्याला आम्ही आपल्या घरच्या उदाहरणाने समजावले. (तुलना फक्त समजण्यापुरती आहे, आलिम मंडळींनी गैर मानू नये.) हदीस सांगताना ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी, म्हणजे इस्नाद, सांगितली जाते. मधली एक कडी कच्ची किंवा तुटलेली असली की रिवायत जईफ ठरते, मजकूर कितीही चांगला असो. मोजमापाचेही तसेच आहे. प्रयोगशाळेचा तराजू कोणत्या वजनांनी तपासला? ती वजने कोणी तपासली? त्याची वजने कोणाकडून आली? ही साखळी चढत चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथे आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत आहे, मूळ किलोग्रॅम पॅरिसजवळ सेव्हर येथे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या धातूच्या ठोकळ्यावर न राहता निसर्गाच्या एका स्थिरांकावर बांधली गेली, पण साखळीची गरज तशीच आहे. मधल्या प्रत्येक कडीचे प्रमाणपत्र मानांकित प्रयोगशाळेचे पाहिजे. ‘मशीन विकणाऱ्याने तपासून दिले’ एवढ्यावर साखळी तुटते.

मुसलमान व्यापाऱ्याला नापतोल ही किरकोळ गोष्ट नाही हे वेगळे सांगायला नको. कुरआन शरीफमध्ये सूरह अल-मुतफ्फिफीन त्याच विषयावरून नाव पावली आहे. जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब हा अधिकारी बाजारात फिरून तराजू, वजने आणि मालाची भेसळ तपासत असे. असो, मूळ मुद्द्यावर येतो.

उपकरणे आली, माणसे आली, पद्धती लिहून झाल्या, म्हणजे अर्ज करता येतो असे नाही. आधी काम करून दाखवावे लागते. चाचण्या करायच्या, नोंदी ठेवायच्या, मग स्वतःचेच अंतर्गत लेखापरीक्षण करायचे आणि मालकाने बसून सगळ्या कारभाराचा आढावा घ्यायचा. शिवाय ‘प्रोफिशियन्सी टेस्टिंग’ म्हणजे प्रावीण्य चाचणीत भाग घ्यायचा. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. एकाच मालाचे सारखे नमुने अनेक प्रयोगशाळांना पाठवतात. खरे उत्तर कोणाला सांगत नाहीत. सगळ्यांचे आकडे गोळा करून कोणाचा आकडा किती लांब पडला ते काढतात. त्याला झेड स्कोअर म्हणतात. तो अधिक-उणे २ च्या आत असला तर ठीक, २ ते ३ मध्ये शंका, ३ किंवा त्यापुढे गेला तर नापास. नापास झालात म्हणून लगेच दार बंद होत नाही, पण चूक कुठे झाली ते शोधून, सुधारून दाखवावे लागते. पूर्वी आपले वडीलधारे एकच सूत दोन-तीन जाणकारांना न सांगता दाखवत आणि मग भाव बोलत, तसलाच हा प्रकार.

मग अर्ज. तो आता ऑनलाइन भरला जातो, सोबत कागदपत्रे आणि फी. फी किती हे विषय आणि चाचण्यांचे गट किती यावर ठरते, दरपत्रक मंडळाच्या संकेतस्थळावर असते. परीक्षकांच्या येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्चही धरावा लागतो आणि पुढे दर वर्षीचे शुल्क वेगळे. कागद तपासून झाले की परीक्षक प्रत्यक्ष येतात. एक प्रमुख परीक्षक कारभार पाहतो, आणि प्रत्येक विषयाचा तांत्रिक परीक्षक चाचणी समोर उभे राहून करवून घेतो. मालकाला फारसे विचारत नाही, हात चालवणाऱ्या मुलाला विचारतो. ‘आम्ल किती घेतलेस? का? तापमान कशावर पाहिलेस? त्या थर्मामीटरचे प्रमाणपत्र दाखव.’ रिपोर्टवर सही कोण करणार त्याचीही वेगळी परीक्षा होते. ज्याला विषय येत नाही त्याची सही चालत नाही, मग तो मालकाचा मुलगा का असेना.

परीक्षकांना जे दोष सापडतात ते लिहून दिले जातात. दोष निघणे ही बेइज्जती नाही, बहुतेकांच्या बाबतीत काही ना काही निघतेच. ठरलेल्या मुदतीत कारण शोधून सुधारणा करायची आणि पुरावा पाठवायचा. नुसते ‘पुढे काळजी घेऊ’ लिहून चालत नाही. तराजूची मुदत संपली होती तर नवे प्रमाणपत्र तर द्याच, पण ती का चुकली आणि मधल्या काळात दिलेल्या रिपोर्टांचे काय, याचेही उत्तर द्या. हे सगळे मान्यता समितीपुढे जाते. परीक्षकाने स्वतः मंजुरी द्यायची नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. समितीने पसंती दिली की प्रमाणपत्र निघते, त्यावर क्रमांक, मुदत आणि सोबत स्कोपची यादी. चाचणी प्रयोगशाळेचा क्रमांक ‘टीसी’ ने सुरू होतो, कॅलिब्रेशनचा ‘सीसी’ ने. त्यानंतरही मुदतीच्या आत देखरेखीची तपासणी होते, मुदत संपताना पुन्हा सगळे पहिल्यापासून. दोष गंभीर असला तर मानांकन निलंबितही होते.

एवढा खटाटोप कशासाठी? तर २००० साली एनएबीएलने आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यतेच्या करारावर सही केली. शंभराहून अधिक देशांच्या मान्यता संस्था त्या करारात आहेत. तिरुपूर किंवा मुंबईच्या मानांकित प्रयोगशाळेचा रिपोर्ट जर्मनीच्या खरेदीदाराला तिथल्या रिपोर्टसारखाच विचारात घेता यावा, हा त्यामागचा हेतू. जुन्या लोकांना आठवत असेल, १९९४ मध्ये जर्मनीने काही अझो रंगांवर बंदी आणली तेव्हा आपल्या रंगाऱ्यांची आणि निर्यातदारांची कशी धावपळ झाली होती. युरोपची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅमची आहे, म्हणजे लाखात तीन भाग. ते नजरेने किंवा वासाने ओळखणारा उस्ताद अजून जन्मला नाही, ते यंत्रालाच कळते. आणि यंत्राचे खरे मानायचे तर त्याची सनद पाहिजे. खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४३ मध्येच मानांकित प्रयोगशाळांचा उल्लेख आहे, तेव्हा तेल-मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी हा लेख कापडवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नये.

आपल्या भागाला ही तपासणी परकी नाही. कारंजा ही कपाशीची जुनी बाजारपेठ, शकुंतला रेल्वे (आता बंद पडलेली) कारंज्यावरून धावत होती ती मुख्यतः कापसासाठीच. त्याच कापसाची प्रत शास्त्राने ठरावी म्हणून १९२४ साली मुंबईत माटुंग्याला टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. तीच आजची सिरकॉट, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. तिची चाचणी प्रयोगशाळा एनएबीएल मानांकित आहे. धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर तिथे मोजतात, आणि यंत्रे जुळवण्यासाठी लागणारा प्रमाण कापूसही ही संस्था तयार करते. म्हणजे वजनाला जसे प्रमाण वजन, तसे कापसाला प्रमाण कापूस. नागपूरला तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्या जिनिंगवाल्यांना ते जवळचे. कापडासाठी मुंबईत टेक्स्टाइल्स कमिटी आहे, जी १९६३ च्या कायद्याने स्थापन झाली, आणि घाटकोपरला १९५४ पासूनची बाँबे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, म्हणजे बीटीआरए. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव (नाशिकचे, आपल्या जिल्ह्यातले नव्हे) येथील यंत्रमागधारक आपापल्या भागातल्या पॉवरलूम सेवा केंद्रांशी परिचित आहेतच.

आता व्यापाऱ्याने प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो. निविदा हातात आली की आधी चाचण्यांची नावे आणि पद्धतीचा क्रमांक एका कागदावर उतरवून घ्या. मग एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेचे नाव शोधा, स्कोपची यादी उघडा आणि तुमची प्रत्येक चाचणी त्याच पद्धतीसह तिथे आहे का ते बोट ठेवून पाहा. मुदत संपलेली नाही ना, निलंबन नाही ना, तेही पाहा. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर घरातल्या शिकल्या मुलामुलीला बसवा, लाजू नका. आम्हीही मुलीकडूनच वाचून घेतले. नमुना देताना ‘मला चिन्हासह अहवाल पाहिजे’ असे लेखी द्या. आणि रिपोर्टवर ‘हा निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ नीट घ्या. तुम्ही चांगल्या थानातला तुकडा नेलात आणि बाकी गठ्ठे दुसऱ्या रंगाच्या कुंडातले निघाले, तर प्रयोगशाळा तुमच्या मदतीला येणार नाही. नमुना वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून काढावा, आणि मोठा सौदा असेल तर खरेदीदाराच्या माणसासमोर काढून सील करावा.

रंगारी आणि प्रोसेसचे काम करणाऱ्या बंधूंना एक विनंती. निकाल कमी आला की ‘लॅबवाल्याने गडबड केली’ असे म्हणण्याची घाई करू नका. आमच्या त्या निळ्या रंगाच्या वेळी प्रोसेस हाऊसचे म्हणणे तेच होते. नंतर शांतपणे पाहिले तेव्हा लक्षात आले की रंगवल्यानंतरच्या साबण-धुलाईच्या दोन फेऱ्यांपैकी एक त्या हंगामात पाणीटंचाईमुळे गाळली होती. वर बसलेला जादा रंग तसाच राहिला आणि आमच्या बिलातून उतरला.

भाच्याचे विचाराल तर त्याने लॅब टाकण्याचा बेत सध्या बाजूला ठेवला आहे. तो नागपूरला एका मानांकित प्रयोगशाळेत नोकरीला लागला, पाण्याच्या विभागात. दोन-तीन वर्षे हात बसू दे, सही करण्याच्या लायकीचा होऊ दे, मग पाहू असे ठरले आहे. आमच्या मते सुरुवात कापडाने न करता पाण्याने करावी, कारण त्यात चाचण्या कमी घेऊनही काम भागते आणि जिल्ह्यात गिऱ्हाईक आहे. त्याचे मत वेगळे आहे, सोयाबीन तेल घ्यावे असे तो म्हणतो. आणि आमच्या दुकानात आता प्रत्येक लॉटचा अर्धा मीटर तुकडा बिलाच्या नकलेसोबत पाकिटात बंद करून, तारीख आणि गठ्ठ्यांचे नंबर टाकून ठेवला जातो. कपाट भरत आले आहे, मुलगा कुरकुरतो, पण पाकिटे फेकायला आम्ही त्याला मनाई केली आहे.